अठरा ट्रे, तीन टब

चंद्रपूरहून बल्लारपूरकडे जाताना रुळांच्या अलीकडे एक पत्र्याचं गोदाम होतं. तिथे आमची प्रयोगशाळा होती. बाहेर पाटी लहान होती आणि तीही धुळीने भरलेली, त्यामुळे येणारे-जाणारे विचारायचे, इथे काय बनते जी? इथे काहीच बनत नव्हतं. आम्ही दगड मोजत होतो.

ते गोदाम आता पाडलं. नव्या इमारतीत आम्ही आलो त्यालाही बरीच वर्षं झाली. इथे टाइल्स आहेत, एसी आहे, आम्ल ठेवायला वेगळी खोली आहे. तरी डोळे मिटून प्रयोगशाळा म्हटलं की मला ते गोदामच दिसतं. त्यात फार काही गूढ नाही. तेव्हा मी पस्तिशीत होते आणि गुडघे दुखत नव्हते.

दगड गडचिरोलीच्या जंगलातून यायचे. अहेरीच्या पलीकडून जीप निघायची आणि दुपारी आमच्या दारात थांबायची. कापडी पिशव्या, प्रत्येकीच्या गळ्यात पत्र्याचा बिल्ला, बिल्ल्यावर नंबर. पिशवीत दगडाबरोबर जे काय असेल ते येई. तेंदूची पानं, वाळलेली मोहफुलं, कधी लाल मुंग्या. आम्ही दगड फोडायचो, दळायचो, भुकटी तोलायचो आणि हाताच्या पंजाएवढ्या स्टीलच्या ट्रेमध्ये पसरून यंत्रात ठेवायचो. दगडात युरेनियम, थोरियम किती आहे ते यंत्र सांगे. काही दगडांत काहीच नसे. काहींत असे, आणि मग पंचाईत सुरू होई, कारण त्या दगडाची धूळ ट्रेला चिकटे. चिमूटभर जरी राहिली तरी आजच्या दगडाचा आकडा उद्याच्या दगडाच्या नावावर चढायचा.

किरणोत्सार म्हटलं की लोक दचकतात. माझे नातेवाईक तर मी घरी आल्यावर आधी आंघोळ कर म्हणायचे. खरं सांगायचं तर आमच्या ट्रेवर जे राहत होतं त्याने कोणाचंही काही बिघडणार नव्हतं. बिघडायची ती फक्त मोजणी. यंत्र फार हळवं होतं, त्याला नखाएवढी धूळही कळायची.

म्हणून ट्रे धुणं हे आमच्याकडचं सर्वांत मोठं काम होतं, आणि ते भांडी घासण्यासारखं नसतं. धातूवरची ही धूळ जोर लावून काढायची नसते, ती विरघळवून काढायची असते. आमच्याकडे तीन टब होते. पहिल्यात साबणाचं पाणी. दुसऱ्यात सायट्रिक अॅसिड, म्हणजे किराणा दुकानात मिळतं तेच लिंबूसत्त्व, आणि त्याच्यासोबत एक पांढरी पूड, जी सुटलेले कण पाण्यातच धरून ठेवते. तिसऱ्यात पातळ नायट्रिक अॅसिड. प्रत्येक टबात वीस मिनिटं, शेवटी डिस्टिल्ड वॉटर. मग एका गोल कागदाने ट्रे पुसायचा आणि तो कागद यंत्राखाली ठेवायचा. आकडा जास्त आला तर परत पहिल्या टबापासून. धुतलेलं पाणी मोरीत ओतायचं नाही, निळ्या कॅनमध्ये भरायचं. कॅन न्यायला मुख्य कार्यालयाची गाडी यायची.

दुसरा टब कोमट लागतो. मे महिन्यात आम्ही तो पत्र्याखाली ठेवून द्यायचो, बारा वाजेपर्यंत तो आपोआप तापायचा. साहेबांना ही पद्धत मान्य नव्हती. पण थर्मामीटरला मान्य होती.

साहेब म्हणजे आमचे प्रमुख, पुण्याकडचे, बोलणं छापील. त्यांच्यानंतर मी. आणि ट्रे धुणाऱ्या बाई. बाई मार्कंड्याच्या बाजूच्या एका खेड्यातल्या, लग्नानंतर बल्लारपूरला आलेल्या, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या. मीही बल्लारपूरचीच, वडील पेपर मिलमध्ये होते. त्यामुळे साहेब नसले की बाईंची भाषा आपोआप घरची व्हायची. सकाळच्या गाडीने दोघी एकाच डब्यातून यायचो, पण स्टेशनवर उतरल्या की बाई दोन पावलं मागे चालायच्या. सोबत चला म्हटलं तर म्हणायच्या, "चालते न मी. तुमी मॅडम हा. लोकायले दिसलं पाह्यजे."

टब त्यांना पसंत नव्हते. "हे का धुनं झालं? बुडवून ठेवाचं न् घड्याळाकडे पाह्यत बसाचं. आमच्या घरी असं धुतलं असतं तं सासूनं भांडं डोक्यात घातलं असतं."

"जोर लावायचा नाही, बाई."

"नाई लावत जी. जोर लावाले ठेवलंच का हाय तुमी? घासणी तं तुमीच फेकून देल्ली."

खरंच दिली होती. तारेची घासणी, काथ्या, सगळं मी पहिल्याच आठवड्यात बाहेर टाकलं होतं. घासलं की स्टीलवर बारीक ओरखडे पडतात, आणि ओरखड्यात बसलेली धूळ आम्लालाही सहजी सापडत नाही. हे मी त्यांना सांगितलं होतं. एकदा. उभ्या उभ्या, वही हातात धरून. आज मी नव्या माणसाला हेच तीनदा सांगते आणि त्याच्याकडून परत वदवून घेते, ते त्या हिवाळ्यापासून.

त्या हिवाळ्यात बाईंचा कायम होण्याचा कागद फिरत होता. नऊ वर्षं त्या रोजंदारीवर होत्या. नऊ वर्षांत किती वेळा त्यांना उद्यापासून येऊ नका असं सांगितलं गेलं आणि पंधरा दिवसांनी परत बोलावलं गेलं, ते त्यांनाच माहीत. या वेळी पहिल्यांदा कागद वरपर्यंत गेला होता. त्यावर माझा शेरा लागणार होता, मग साहेबांची सही, आणि महिन्याभरात येणाऱ्या तपासणी समितीने प्रयोगशाळा ठीक आहे म्हटलं की झालं. न झालं तर पुढच्या वर्षी त्यांचं वय नियमाबाहेर जात होतं. मग कायमचं नाहीच. बाई याबद्दल बोलत नव्हत्या. फक्त रोज सकाळी माझं टेबल दोनदा पुसलं जाऊ लागलं.

आणि नेमके तेव्हाच ट्रे बिघडले.

आधी दोन. रिकामा, धुतलेला, कोरडा ट्रे यंत्रात ठेवला की आकडा शून्याच्या आसपास यायला हवा. येत नव्हता. फार नाही, पण येत नव्हता. आठवड्याभरात सहा झाले, मग अठराच्या अठरा. अहेरीकडच्या नमुन्यांची एक पूर्ण खेप साहेबांनी बाद केली. यंत्र तपासलं, ते ठीक होतं. पाणी बदललं. आम्लाची नवी बाटली फोडली. मी टबांची वेळ वीसवरून चाळीस मिनिटं केली. आकडा उतरला. दोन दिवसांनी परत चढला. मग मी मुख्य कार्यालयाला विचारून परमँगनेटचा टब वाढवला. तो जांभळा टब आधी धातूवरचा काळा थर सैल करतो, मग सायट्रिक तो उचलतं. आकडा उतरला. परत चढला.

ते दिवस वाईट होते असं म्हणायला हवं, पण मला ते तसे आठवत नाहीत. सकाळी पत्र्यावरून दव टपकायचं. दारासमोरच्या चहाच्या टपरीची सिगडी पेटलेली असायची, कोळशाचा धूर आत यायचा, आणि आम्ही दोघी जाड हातमोजे घालून टबांभोवती उभ्या. बाई धानाच्या मळणीच्या गोष्टी सांगायच्या, सासूच्या सांगायच्या, मार्कंड्याच्या जत्रेत नणंद कशी हरवली आणि संध्याकाळी जिलबीच्या दुकानामागे कशी सापडली ते सांगायच्या. मध्येच विचारायच्या, "मॅडम, आता तरी आकडा पडला का?"

"नाही पडला."

"बयताड हाय तुमचं मशीन."

समितीला दहा दिवस उरले असताना साहेब मला म्हणाले, "कुणाचा तरी निष्काळजीपणा असल्याशिवाय हे होत नाही. तुम्ही कारण शोधा आणि लेखी द्या. नावासकट." ते बोलताना बाई दारात फडकं पिळत होत्या.

कारण मला त्याच दुपारी सापडलं, आणि शोधून नव्हे. मी एक ट्रे खिडकीशी नेला. ऊन तिरपं येत होतं. ट्रे चमकत होता. नवा आणला तेव्हा होता त्यापेक्षा जास्त चमकत होता. आम्लातून वारंवार काढलेलं स्टील जरा मलूल दिसतं. हा तर लग्नात रुखवतावर मांडावा असा. तिरपा धरला तेव्हा त्यावर वर्तुळं दिसली, एकात एक, केसाएवढी बारीक. ही वर्तुळं मला ओळखायला वेळ लागला नाही. मिलच्या क्वार्टरमध्ये आमच्या प्रत्येक ताटावर ती होती. आईचा हात असाच गोल फिरायचा.

मी बाईंना हाक मारली. ट्रे दाखवला.

"चमकून राह्यले ना?" बाई खूश होऊन म्हणाल्या.

"कशाने घासले?"

"राखीनं."

"कुठली राख?"

"टपरीवाल्या भाऊच्या शेगडीतली. चाळून घेतो न मी, लुगड्याच्या फडक्यातून. एकदम मैद्यावानी करतो. मंग नारळाच्या शेंडीनं." माझा चेहरा बघून त्यांचा आवाज उतरला. "टबातून काढले का लय भकास दिसते जी थे. म्हणून शेवटी एक हात मारत होती. का झालं?"

मी तशीच उठले. टपरीवर गेले, सिगडीखालची चमचाभर राख कागदात घेतली, आणली, कपाटातला एकुलता नवाकोरा ट्रे काढून त्यात पसरली आणि यंत्रात ठेवली. बाई बाजूला उभ्या. थोड्या वेळाने आकडा आला. दगडाचा नसला तरी आकडाच.

कोळशात अगदी थोडं युरेनियम-थोरियम असतंच. कोळसा जळून जातो, ते मागे राहतं, म्हणून राखेत ते कोळशापेक्षा जास्त. या पट्ट्यात जन्मलेलं प्रत्येक माणूस त्याच राखेने घासलेल्या ताटात जेवलं आहे आणि त्याला काही झालेलं नाही. पण आमच्या यंत्राला ते दिसत होतं. शिवाय ओरखडे पडले ते वेगळेच. त्यात दगडाची धूळही बसली आणि राखही. आम्ही टबांची वेळ वाढवली की ट्रे अजून मलूल होत. ते मलूल झाले की बाई अजून घासत. महिनाभर आम्ही दोघी एकमेकींविरुद्ध जीव तोडून काम करत होतो.

बाईंना मी हे सगळं समजावलं. त्या स्टुलावर बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे माह्याच हातानं मी माह्याच कागदावर पानी ओतलं."

तेवढ्यात मला ते आठवलं, आणि आठवलं नसतं तर बरं झालं असतं. महिन्यापूर्वी समितीचं पत्र आलं तेव्हा मीच बाईंना म्हणाले होते, पाहुणे येत आहेत, ट्रे कसे चकचकीत दिसले पाहिजेत. सहज म्हणाले होते. घरी पाहुणे यायचे असले की म्हणतो तसं. बाईंनी ते हुकूम म्हणून घेतलं, कारण मी मॅडम होते.

"बाई, चकचकीत करा असं तुम्हाला कोणी सांगितलं?"

त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "कोनी नाई सांगितलं."

संध्याकाळी घरी जाऊन मी अहवालाचा मसुदा केला. पहिला मसुदा फार शहाणा होता. ट्रेच्या पृष्ठभागावर ओरखडे आढळले, ओरखड्यांत बाह्य कण आढळले, पुढे काळजी घेतली जाईल. वाचणाऱ्याला वाटलं असतं, ओरखडे रात्रीतून आपले आपण उगवले. सकाळी मी तो फाडला, कारण साहेब नाव मागणार होते आणि कागदावर नाव नसेल तर ते बाईंचंच धरलं जाणार होतं. मी तीन वाक्यं लिहिली. राख बाईंनी वापरली. ट्रे चकचकीत दिसले पाहिजेत असं त्यांना मी सांगितलं. राख चालत नाही, हे आमच्या लेखी पद्धतीत कुठेच नाही, आणि ती पद्धत माझ्या हातची आहे.

साहेबांनी वाचलं. "पहिलं वाक्य पुरेसं होतं," ते म्हणाले.

"मग तिन्ही राहू द्या."

"तुमच्या पुढच्या बढतीचं वर्ष आहे, हे लक्षात आहे ना?"

लक्षात होतं. तिन्ही वाक्यं राहिली. यात मोठेपणा काही नव्हता. तिन्ही वाक्यं खरी होती आणि एक काढलं असतं तर उरलेली दोन खोटी झाली असती. बढती त्या वर्षी झाली नाही. पुढे झाली.

बाईंना हे साहेबांच्या शिपायाकडून कळलं. त्या तणतणत आल्या. "राख म्या लावली न् नाव तुमचं काऊन? मले का बोलता येत नाई?"

"तुमचं नाव आहे. पहिलंच आहे."

"मंग ठीक हाय," असं म्हणून त्या हातमोजे घालायला लागल्या.

आता प्रश्न ट्रेचा होता. ओरखड्यात रुतलेलं काढायचं तर धातूचीच पातळ कातडी उतरवावी लागते. त्याची रीत मी पुस्तकात वाचली होती, केली नव्हती. फॉस्फोरिक अॅसिडमध्ये ट्रे टांगायचा, समोर दुसरा पत्रा, आणि दोघांतून वीज सोडायची. ट्रेचा वरचा थर उतरून आम्लात जातो, सोबत घाण नेतो. वीज सोडायला आमच्याकडे काही नव्हतं. बल्लारपूर रोडवरच्या एका गॅरेजातून ट्रकच्या बॅटरीचा चार्जर आणला. गॅरेजवाला म्हणाला, "कोनती गाडी हाय, मॅडम?" बाई म्हणाल्या, "अठरा गाड्या हाय, भाऊ. सगळ्या बंद पडल्या."

चार दिवस आम्ही तेच केलं. चष्मे, एप्रन, दारं-खिडक्या उघड्या, बादलीत सोड्याचं पाणी हाताशी. किती वेळ ठेवायचं ते चुकत-माकत शिकलो. पहिल्या ट्रेला तर भोकच पडलं. दुसऱ्याची कड गेली. तिसरा बाहेर काढला, धुतला, पुसला, कागद यंत्राखाली ठेवला. आकडा पडला. नव्या ट्रेइतका खाली. आणि तो ट्रे आरशासारखा झाला होता. विजेने कातडी उतरली की स्टील असंच होतं, उंचवटे आधी झिजतात. बाईंनी त्यात स्वतःचं तोंड पाहिलं, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "एवढंच तं पाह्यजे होतं मले." अठरापैकी चौदा वाचले. चार कापून कॅनसोबत गेले.

समितीत तिघं होते. त्यातल्या एक वयस्कर शास्त्रज्ञ, स्वतः आयुष्यभर हेच काम केलेल्या, अहवाल हातात घेऊन टबांपाशी आल्या आणि मला विचारू लागल्या. मी सांगायला तोंड उघडलं तर बाईंनी मला कोपराने बाजूला केलं. चाळलेल्या राखेपासून चार्जरपर्यंत त्यांनी सगळं सांगितलं, अर्ध्या शब्दांचे अर्थ त्या पाहुणीला लागले नसतील. शेवटी म्हणाल्या, "आता मले मारून टाका पन राख नाई लावणार. घरी लावतो. इथी नाई."

पाहुण्या हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "वीज किती वेळ?" बाईंनी सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. मग मला म्हणाल्या, "पद्धतीत राखेचं वाक्य घाला. दुसरीकडेही कुणीतरी लावत असेल."

बाईंचा कागद यायला पावसाळा उजाडला. टपालातून लिफाफा आला, मी उघडला, वाचला आणि त्यांना हाक मारली. त्यांनी तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. हात फडक्याला पुसले, पण कागद हातात घेतला नाही.

"म्हणजे आता मले उद्यापासून येऊ नका असं कोनी नाई म्हनू शकत?"

"नाही."

"साहेब बी नाई?"

"साहेबही नाही."

"तुमी बी नाई?"

"मीही नाही, बाई."

त्यांनी स्टूल ओढलं आणि माझ्यासमोर बसल्या. नऊ वर्षांत माझ्या टेबलासमोर त्या पहिल्यांदा बसत होत्या. "तं मंग एक सांगू का? तुमी दुसऱ्या टबातून ट्रे काढता न् ओळीनं मांडता. मंग वहीत नंबर लिवत बसता. तवर थे वाळून जाते. वाळलं का जे सुटलं होतं थे परत चिपकते. मंग तिसऱ्या टबात तुमी का धुता, माती?"

मी विचार केला. त्यांचं बरोबर होतं. ट्रे ओलाच पुढच्या टबात जायला हवा, हे पहिल्या पानावरचं ज्ञान आहे. मी ते मोडत होते, कारण मला नंबर नीट अक्षरात लिहायला आवडायचे.

"हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"पयल्या सालापासून."

"आणि सांगितलं का नाही?"

"रोजानं होती न मी," बाई म्हणाल्या.

मी वही उघडली आणि आणखी काय काय आहे ते विचारलं. बाईंकडे एकूण अकरा गोष्टी निघाल्या. आम्ही पुढच्या महिन्याभरात त्या एकेक करून तपासल्या. नऊ बरोबर होत्या.